पाय वाचविणारे डॉक्टर : चार्ल्स डॉटर



आपल्या मॉरिशसमध्ये साखरेचा आजार ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. आजीच्या किंवा आजोबांच्या पायाच्या बोटाला लहानशी जखम झाली, ती बरी होईना, बोट काळे पडले आणि शेवटी पाय कापावा लागला, ही हकीकत आपण कोणत्या ना कोणत्या नात्यात ऐकलेली असते. आमच्याही घरी ती घडली. दाराशी एकच चप्पल राहू लागली, तो काळ आम्ही विसरलेलो नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही एका अशा डॉक्टरांचे चरित्र सांगत आहोत, ज्यांनी सुरी हातात न घेता असे पाय वाचविण्याचा मार्ग दाखविला. त्यांचे नाव डॉ. चार्ल्स थिओडोर डॉटर.

डॉटर यांचा जन्म 14 जून 1920 रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रे उघडून पाहण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा नाद होता. ड्यूक विद्यापीठातून ते 1941 साली पदवीधर झाले आणि 1944 साली कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. पुढे त्यांनी क्ष-किरणशास्त्र हा विषय घेतला. 1952 साली, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड येथील वैद्यकीय विद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. अखेरपर्यंत, म्हणजे 33 वर्षे, ते त्याच जागी राहिले.

त्या काळी क्ष-किरणांचा डॉक्टर म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून फोटो काढणारा माणूस, अशीच समजूत होती. रोग कोठे आहे ते त्याने दाखवावे आणि इलाज दुसऱ्यांनी करावा. रक्तवाहिनीत बारीक लवचिक नळी, म्हणजे कॅथेटर, सरकवायची, तिच्यातून क्ष-किरणांत उठून दिसणारे औषध सोडायचे आणि वाहिनीचे चित्र घ्यायचे, इतकेच त्याचे काम. नळी आत गेलीच आहे तर तिनेच दुरुस्ती का करू नये, हा प्रश्न डॉटर यांना छळू लागला.

उत्तर मिळाले ते चुकून. 1963 साली एका रुग्णाच्या पोटातील रक्तवाहिनीचे चित्र घेताना त्यांची नळी वाटेतील एका बंद पडलेल्या धमनीतून आरपार गेली आणि ती धमनी मोकळी झाली. दुसरा कोणी असता तर नळी काढून हात धुऊन मोकळा झाला असता. डॉटर त्यावर विचार करीत राहिले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी येथे भरलेल्या परिषदेत, ही नळी पुढे शस्त्रक्रियेच्या सुरीचे काम करील, असे त्यांनी जमलेल्या डॉक्टरांना सांगितले.

आता प्रत्यक्ष प्रसंग ऐका. जानेवारी 1964. पोर्टलंडच्या इस्पितळात 82 वर्षांची एक वृद्धा होती. तिच्या डाव्या पायाला रक्त पोचत नव्हते. बोटे सडू लागली होती, जखम भरत नव्हती, वेदना थांबत नव्हत्या. पाय कापल्यावाचून गत्यंतर नाही, असे सर्जनांचे मत पडले. बाईंनी साफ नकार दिला. (वृद्ध माणसांच्या अशा नकाराला आपण हट्ट म्हणतो. पण हा नकार नसता तर पुढचे काहीच घडले नसते.) शेवटी तिला डॉटर यांच्याकडे पाठविण्यात आले.

चित्र घेतले तेव्हा मांडीतील मोठी धमनी एका ठिकाणी अगदी अरुंद झालेली दिसली. बाकी वाट बरी होती. 16 जानेवारीला डॉटर आणि त्यांचे तरुण सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी तिच्या धमनीत आधी एक बारीक तार घातली आणि ती त्या अरुंद जागेतून पलीकडे नेली. तारेवरून टेफ्लॉनची एक नळी सरकविली, त्या नळीवरून दुसरी, जाड नळी. अरुंद जागा रुंद झाली. काही मिनिटांतच थंड पडलेले पाऊल गरम झाले. आठवडाभरात वेदना गेल्या, पुढे जखम भरून आली. पुन्हा चित्रे घेतली तेव्हाही वाट मोकळीच होती. ती बाई आणखी अडीच वर्षे जगली आणि अखेरपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली.

अशा माणसाला लोकांनी डोक्यावर घ्यावे की नाही? पण झाले उलटेच. वर्षाच्या शेवटी हा प्रयोग वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तरी अमेरिकेतील बहुतेक सर्जनांनी त्याकडे पाठ फिरविली. एकाने तर रुग्ण पाठविताना चिठ्ठीतच बजावून लिहिले होते, की वाहिनीचे फक्त चित्र घ्यावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. एका मोठ्या साप्ताहिकात डॉटर यांची काम करतानाची छायाचित्रे आली. त्यांतील चमत्कारिक चेहरे पाहून लोक त्यांना वेडा चार्ली म्हणू लागले. खरे सांगायचे तर त्यांनी स्वतःही लोकांना थोडी संधी दिली होती. नळासाठी प्लंबर जे करतो ते रक्तवाहिनीसाठी आपण का करू नये, असे ते म्हणत आणि नळ व पाना हे आपले चिन्ह म्हणून मिरवीत. गिटारच्या तारा आणि मोटारीच्या वेगमापकाची केबल आणून ते कॅथेटरसाठी तारा बनवून पाहात. शिकागोच्या परिषदेत बिल कुक नावाचा एक नवा कारखानदार ज्वाळेवर टेफ्लॉनच्या नळ्या तयार करून दाखवीत होता. डॉटर यांनी त्याचे सामान रात्रीपुरते मागून नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा नळ्या तयार करून आणल्या.

घरी मान मिळाला नाही, तो युरोपात मिळाला. जर्मनीतील डॉक्टरांनी ही पद्धत उचलली. तेथे ती आंद्रेआस ग्रुंटझिग या तरुण डॉक्टरांनी शिकून घेतली. जाड नळ्या घालण्याऐवजी नळीच्या टोकाला लहानसा फुगा बसवावा, ही सुधारणा त्यांनी झुरिचमध्ये स्वयंपाकघरातील टेबलावर खटपट करून साधली. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्यांनी तोच फुगा एका जागत्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत फुगविला. आज आपल्या ओळखीतील कोणाची अँजिओप्लास्टी झाली असे आपण ऐकतो, तेव्हा तिचे मूळ पोर्टलंडच्या त्या वृद्धेच्या पायात आहे, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते.

डॉटर मात्र स्वस्थ बसले नव्हते. 1969 साली त्यांनी कुत्र्यांच्या धमन्यांत तारेची गुंडाळी बसवून ती वाट उघडी राहते का ते पाहिले. आजच्या स्टेंटची ही सुरुवात. 1972 साली त्यांनी आणि प्रागहून आलेल्या योसेफ रोश यांनी, पोटात होणारा रक्तस्राव नळीवाटे वाहिनी बंद करून थांबविल्याचे प्रसिद्ध केले.

गेल्या काही वर्षांत या शास्त्राने फार मोठी मजल मारली आहे. मेंदूच्या मोठ्या धमनीत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर मांडीतून नळी नेऊन ती गुठळीच ओढून काढतात. नेदरलँड्समध्ये 500 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 साली छापून आले. तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारे रुग्ण नेहमीच्या उपचाराने शंभरात 19, तर गुठळी काढल्यावर 33 आढळले. 2018 साली असे दिसले, की निवडक रुग्णांत हा उपाय चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडतो.

पायाच्या बाबतीत मात्र वाद मिटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 1830 रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या पायातील स्वतःची शीर चांगली होती त्यांना बायपास शस्त्रक्रियाच सरस ठरली. पुढच्याच वर्षी 345 रुग्णांच्या दुसऱ्या, मुख्यतः ब्रिटनमधील अभ्यासात, गुडघ्याखालच्या धमन्या बंद झालेल्यांना आधी नळीचा उपाय केलेला बरा, असे दिसून आले. तेव्हा सरसकट एकच इलाज सर्वांना लागू नाही. पण पाय कापण्याची गोष्ट निघाली, तर आधी पायाच्या धमन्यांचे चित्र घेतले आहे का आणि वाट मोकळी करता येईल का, हे दोन प्रश्न घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावेत. विचारण्यात कसला आला अपमान?

डॉटर यांचे स्वतःचे शरीर त्यांना फारशी साथ देत नव्हते. त्यांना हॉजकिन्सचा आजार, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. त्यावर किरणोपचार घ्यावे लागले, पुढे हृदयावरही शस्त्रक्रिया झाली. तरी गिर्यारोहणाचा छंद सुटला नाही. अमेरिकेतील 14,000 फुटांहून उंच अशी 67 शिखरे ते चढून आले. 1978 साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही.

15 फेब्रुवारी 1985 रोजी पोर्टलंड येथे त्यांचे निधन झाले. जडकिन्स त्याच्या थोडेच दिवस आधी गेले होते. ग्रुंटझिग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतःचे विमान कोसळून गेले. डॉटर यांच्या नावाची संशोधन संस्था 1990 साली पोर्टलंडमध्ये उघडली, त्याच शहरात, जेथे त्यांना वेडा म्हणत असत.