कोमराम भीम : पाणी, रान आणि अक्षर

निझामी राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्यात १९०१ साली एका गोंड कुटुंबात कोमराम भीम यांचा जन्म झाला. राखीव जंगलांचे कायदे कडक होत गेले, तसतशी गुरांची चराई, सरपण आणि फिरती शेती हे गोंडांचे गुन्हे ठरू लागले. वडील वनकर्मचाऱ्यांच्या हातून मारले गेले, असे चरित्रकार सांगतात. पुढे फरारी भीम चंद्रपुरास एका छापखान्याच्या आश्रयाने राहिले व तेथेच लिहावयास-वाचावयास शिकले, अशी आठवण आहे. मग आसामचे चहामळे. परतल्यावर त्यांनी जोडेघाट परिसरातील बारा गावांसाठी पाणी, रान व जमीन यांवरील हक्क मागितला. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले.

बंडामागील असंतोष समजून घेण्यास निझाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांना नेमले. गोंडांच्या जमिनी जात होत्या त्या बऱ्याचदा कागद वाचता न आल्यामुळे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९४३ पासून मारलवाई येथे गोंड शिक्षक घडू लागले. त्यांच्यासाठी तयार झालेली गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. या भागात मराठीचा वावर जुना, म्हणून ती लिपी तेथे परकी नव्हती.