न दिसणाऱ्या जोड्यांचा हिशेब

नेव्हिल व्हिन्सेंट सिजविक यांचा जन्म ८ मे १८७३ रोजी ऑक्सफर्ड येथे एका विद्वान घराण्यात झाला. केंब्रिजचे ख्यातनाम तत्त्वज्ञ हेन्री सिजविक हे त्यांचे चुलते. नेव्हिल यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये विज्ञानात प्रथम श्रेणी मिळवली आणि दोनच वर्षांनी ग्रीक-लॅटिन विद्या व तत्त्वज्ञान या शाखेतही ती संपादन केली. पुढे जर्मनीतील ट्युबिंगेन येथे डॉक्टरेट घेऊन १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात अध्यापक म्हणून आले, ते कायमचेच.

चाळिशी उलटली तरी संशोधनात स्वतःची अशी वाट त्यांना गवसली नव्हती. १९१४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनासाठी ते ऑस्ट्रेलियाला निघाले. त्या सागरप्रवासात त्यांना अर्नेस्ट रदरफर्ड यांचा सहवास लाभला. अणूचे अंतरंग उलगडत असेल, तर साऱ्या रसायनशास्त्राचा अर्थ त्याच्या आधारे लावता आला पाहिजे, हा ध्यास तेव्हापासून त्यांना लागला. संयुजेचा इलेक्ट्रॉन-सिद्धान्त मांडणारा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ५४ वर्षांचे होते.

१९४० मध्ये त्यांनी हर्बर्ट पॉवेल यांच्यासह एक सोपा नियम मांडला. मध्यवर्ती अणूभोवती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या किती, हे मोजले की रेणूच्या आकाराचा अंदाज येतो. दोन जोड्या सरळ रेषेत, तीन त्रिकोणात, चार चतुष्फलकात, तर सहा अष्टफलकात मांडल्या जातात. या मोजणीत बंधात न गुंतलेल्या जोड्याही धरायच्या, हे त्यातील मर्म होय. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला हायड्रोजनचे दोनच अणू जोडलेले असतात. केवळ अणू मोजणाऱ्याला तो रेणू सरळ वाटेल. परंतु ऑक्सिजनभोवती आणखी दोन एकाकी जोड्या असतात, म्हणून तो वाकतो.

१९५० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, मूलद्रव्ये व त्यांची संयुगे यांवरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रकाशित झाला. १५ मार्च १९५२ रोजी ते निवर्तले. १९५७ मध्ये रोनाल्ड गिलेस्पी व रोनाल्ड नायहोम यांनी त्यांचा विचार पुढे नेला. जोड्या एकमेकींना दूर लोटतात आणि एकाकी जोडी अधिक जोराने लोटते, असे त्यांनी दाखवले. म्हणूनच मिथेनमधील १०९.५ अंशांचा कोन अमोनियात १०७ आणि पाण्यात १०४.५ अंशांपर्यंत आकसतो.

आज अकरावीचा विद्यार्थी हे कोन सहज सांगतो. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, या चिंतेत असलेल्या मुलांनी व पालकांनी मात्र सिजविक यांचे चरित्रही ध्यानी घ्यावे. ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासाची दोन वर्षे आणि पुढील अध्यापनाची वर्षे शोधांच्या यादीत कोठेच दिसत नाहीत. तथापि माणसाला आकार देण्यात अशा न दिसणाऱ्या वर्षांचाही वाटा असतो.