आल्फ्रेड विल्यम अल्कॉक

आल्फ्रेड विल्यम अल्कॉक (जन्म : मुंबई, २३ जून १८५९, मृत्यू : बेल्व्हेडेअर, केंट, इंग्लंड, २४ मार्च १९३३) हे ब्रिटिश वैद्यक व प्राणिशास्त्रज्ञ होते. भारतीय समुद्रातील खोल पाण्यातील मासे आणि कवचधारी प्राणी यांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. जिवंत माशाच्या कातडीवर वसाहत करून राहणाऱ्या हायड्रॉइडचे त्यांनी केलेले वर्णन सागरी सहजीवनाच्या अभ्यासात विशेष उल्लेखनीय ठरले.

जीवन

अल्कॉक यांचे वडील जहाजाचे कप्तान होते. शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू असताना वडिलांना आर्थिक फटका बसला आणि १८७६ मध्ये त्यांना शाळा सोडून भारतात यावे लागले. मलबारमधील कॉफीचे मळे, कोलकात्यातील कचेरी, पुरुलिया येथे आसामच्या चहामळ्यांसाठी मजूरभरती आणि दार्जिलिंग येथील शाळेत शिक्षकी अशी कामे त्यांनी केली. मायदेशी परतल्यावर त्यांनी ॲबर्डीन विद्यापीठातून १८८५ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली व त्याच वर्षी ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. वायव्य सरहद्दीवरील लष्करी सेवेनंतर १८८८ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सागरी सर्वेक्षण जहाजावर शल्यचिकित्सक-निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले होते.

संशोधन

देवमासे व समुद्री कासवे यांच्या अंगावर चिकटून राहणारे बार्नेकल पूर्वीपासून परिचित होते. सजीव माशाच्या त्वचेवर वाढणारा हायड्रॉइड मात्र दुर्मीळ होता. ‘मायनस इनर्मिस’ या तळाशी राहणाऱ्या लहान माशाच्या अंगावर अल्कॉक यांना अशा जीवांचा थर आढळला. १८९२ मध्ये त्यांनी त्याला ‘स्टायलॅक्टिस मायनोई’ हे नाव दिले; पुढे त्याचे प्रजातीनाम बदलले. हायड्रॉइडच्या आच्छादनामुळे मासा शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो व भक्ष्याला त्याचा सुगावा लागत नाही; उलट एका जागी खिळून राहणाऱ्या हायड्रॉइडला नवनवीन जागी वाहून नेणारा आधार मिळतो. म्हणून अल्कॉक यांनी हा संबंध परजीवितेचा न मानता सहभोजितेचा मानला. जपानच्या समुद्रातही पुढे अशी जोडी आढळली. शंखाऐवजी समुद्रपुष्प पाठीवर पांघरणाऱ्या खेकड्याचाही त्यांनी अभ्यास केला.

भारतीय संग्रहालय

१८९३ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयाचे अधीक्षक झाले. पामीर सीमा आयोगाबरोबर त्यांनी १८९५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम केले. १९०१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. संग्रहालय केवळ प्रदर्शनाचे स्थान न राहता प्राणिशास्त्रीय संशोधनाचे केंद्र व्हावे, यासाठी ते आग्रही होते. मात्र शासनाकडून अपेक्षित पाठबळ न मिळाल्याने १९०६ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्यानंतर अधीक्षक झालेल्या नेल्सन ॲनंडेल यांच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये याच संग्रहालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्था उभी राहिली.

उत्तरायुष्य व ग्रंथ

लंडनमध्ये त्यांनी उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत अध्यापन केले आणि रोगवाहक कीटकांच्या अभ्यासाकडे लक्ष वळवले. ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ (१९०२) हा इन्व्हेस्टिगेटरवरील सफरींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. भारतीय खोल समुद्रातील माशांची वर्णनात्मक सूची (१८९९) आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले कीटकशास्त्रावरील पुस्तक (१९११) हे त्यांचे अन्य महत्त्वाचे ग्रंथ होत.