विश्लेषण : पोपटीच्या शेंगा का शिजवाव्या लागतात? कमला सोहोनींच्या संशोधनाची गोष्ट

हिवाळ्यात भंडाऱ्याच्या बाजारात पोपटीच्या शेंगा येतात. पोपट म्हणजे वाल. त्याचे दाणे नीट शिजवूनच खावेत, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. मात्र दाण्यात नेमके काय असते, याचा शोध मुंबईच्या प्रयोगशाळेत डॉ. कमला सोहोनी यांनी घेतला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण.

प्रवेशच नाकारला...

घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी १९३३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमलाबाईंनी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षेचे आणि इतरांचे लक्ष विचलित होऊ न देण्याची अट! ही अट त्यांना अखेरपर्यंत अपमानास्पद वाटत राहिली. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

बटाट्यात काय सापडले?

पुढे केंब्रिज. अन्न मोडून त्यातली ऊर्जा काढण्याचे काम प्रत्येक पेशी करते. या साखळीत ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे सरकवते. शेवटी ते ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये हे प्रथिन माहीत होते. कमलाबाईंना ते बटाट्यात सापडले. म्हणजे टोपलीत पडलेला बटाटा आणि तो खाणारा माणूस, दोघांच्या पेशी एकाच पद्धतीने श्वास घेतात. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

वालाचे कोडे

परदेशात राहणे सोपे होते, त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे त्यांनी नीरा, तांदळाचे पीठ, कडधान्ये असे गरिबाच्या ताटातले पदार्थ तपासायला घेतले. आतड्यात ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. त्यातून शरीर स्वतःची प्रथिने बांधते. वालातला एक घटक ट्रिप्सिनलाच रोखतो. १९५५ मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो स्फटिकरूपात वेगळा केला. ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध झाला. उष्णतेने असे घटक निकामी होतात, म्हणून शिजवलेल्या दाण्यांतली प्रथिने अंगी लागतात.

नीरेवरील कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र चार वर्षे लांबले. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून त्या अन्नातील भेसळीबद्दल लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.