सागाचे बी आणि सर डिट्रिख ब्रँडिस

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली की लढाया, भाषणे आणि ग्रंथ आपल्या डोळ्यांसमोर येतात. बी रुजते कसे आणि रोप जगते कसे, याचा विचार करण्यात कोणी आयुष्य वेचले असेल, हे सहसा मनात येत नाही. सर डिट्रिख ब्रँडिस यांनी ते वेचले. मी इतिहासाचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा परिचय शालेय पुस्तकापुरताच. तरीही हे चरित्र मला आपले वाटले, कारण त्यातला प्रश्न शेवटी माणसांचा आहे. जंगल लावायचे कोणाच्या हातांनी, आणि लावल्यावर ते कोणाचे?

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन शहरी झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. बालपणीची काही वर्षे अथेन्समध्ये गेली. पुढे ते बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या पत्नी रेचेल या सेरामपूरच्या मार्शमन मिशनऱ्यांची कन्या. या नात्यामुळे त्यांचे नाव लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोचले आणि १८५६ साली हा जर्मन अध्यापक ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांचा अधीक्षक झाला.

इंग्रजांनी १८५२ मध्ये पेगू जिंकले होते. जहाजांसाठी सागाची तोड अनिर्बंध चालू होती आणि रानात झाडे किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ब्रँडिस हत्तीवर बसून रान पालथे घालू लागले. हातातल्या काठ्यांवर चाकूने खाचा पाडून ते जाडीनुसार झाडांची मोजदाद करीत, असे सांगतात. वर्षाला जेवढे वाढते तेवढेच तोडावे, हा त्यांचा हिशेब. पण तुटलेल्या झाडाच्या जागी नवे उभे राहायचे तर आधी बी रुजायला हवे ना!

आणि सागाचे बी मोठे हट्टी! वरून लोकरीसारखे मऊ आवरण, आत दगडासारखे टणक कवच आणि त्यात चार कप्पे. पुष्कळदा त्यांतले एखाददुसरेच भरलेले. पेरले की उगवेलच याचा भरवसा नाही. काही बिया वर्षभराने डोके वर काढतात. पाण्यात भिजवणे व उन्हात वाळवणे आलटून पालटून केले, तर उगवण सुधारते. मलबारात निलंबूर येथे चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात अशाच खटपटीतून सागाची लागवड यशस्वी केली होती. रोप उगवले तरी काळजी संपत नाही. त्याला भरपूर ऊन लागते. तण वा बांबूची सावली पडली की ते खुरटते.

ऊन आणि तणमुक्त जमीन कोठे मिळेल? ब्रँडिस यांना ती करेन लोकांच्या डोंगरशेतात दिसली. हे लोक रान तोडून, जाळून भात पेरीत आणि एक-दोन वर्षांनी दुसरीकडे जात. भाताबरोबरच सागही लावावा, निंदणीत रोपांचेही तण निघेल, अशी योजना त्यांनी मांडली. हीच ‘टाँग्या’ पद्धत. करेन लोकांनी आरंभी विरोध केला, आणि तो रास्तच होता. साग वाढला की ते शेत सरकारचे होणार, हे त्यांना कळत होते. पद्धत मूळ धरायला दहाएक वर्षे लागली.

१८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्यालय निघाले. त्याच वर्षीच्या वनकायद्याच्या वेळी मात्र त्यांचे मत मागे पडले. सरकारी वनांबरोबर गावांची स्वतःची वने असावीत, असे त्यांना वाटे. बेडन-पॉवेल यांना सरकारची पूर्ण मालकी हवी होती. कायद्यात ग्रामवनाचे कलम राहिले, पण बहुतांशी कागदावरच. त्या कायद्याला पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध केला, आणि १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी वनखात्यावर कोरडे ओढले. तेव्हा ब्रँडिस यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. ज्या खात्याने आपल्या शेतकऱ्याची गुरे रानाबाहेर काढली, त्याचा पाया त्यांनीच घातला होता.

१८८३ मध्ये ते निवृत्त झाले. उतारवयातही ते भारतीय वृक्षांवरील ग्रंथाचे काम करीत राहिले. तो १९०६ साली प्रसिद्ध झाला आणि २८ मे १९०७ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले.

डेहराडूनच्या परिसरात सालवृक्षाची वने आहेत. सालाचे बी सागाच्या अगदी उलट! पावसाच्या तोंडावर गळते आणि लगेच रुजते. काही दिवस ओल मिळाली नाही तर मरते. पण रोपाची तऱ्हा निराळी. वरचा कोंब वर्षानुवर्षे मरत राहतो आणि जमिनीखाली मूळ तेवढे जाड होत जाते. मग एखाद्या वर्षी कोंब येतो तो टिकतो. गावाच्या वनाचा विचारही असाच मला वाटतो. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हे श्रेय ब्रँडिस यांचे नव्हे. ते तेथील ग्रामस्थांचे आहे. पण १८७८ साली सरकारदरबारी जे बोलणे वाया गेले, त्याचे मूळ शाबूत होते एवढे खरे. मित्रहो, वृक्षारोपणाच्या दिवशी आपण रोप लावतो आणि छायाचित्र काढून परततो. पुढच्या पावसाळ्यात त्याचे तण कोण काढणार, हेही त्याच दिवशी ठरवून टाकू या.