आसगावचा नेव्हिल

मुरगाव तालुक्यात फुटबॉल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वास्कोच्या टिळक मैदानावर मोठी मॅच असली की बसमध्येच कळतं. तरीही परवा कँटीनमध्ये मी विचारलं, की ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण, तर एकाने जपान म्हटलं, दुसऱ्याने कोरिया, आणि बाकीचे मोबाईल काढायला लागले. उत्तर आपल्याच बार्देशातलं आहे. आसगावचा नेव्हिल डिसोझा.

त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा. आसगावाहून शिवोली जवळच, आणि गोव्यात फुटबॉल आला तो शिवोलीतच असं मानतात. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाच्या पाद्रींनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला. म्हणजे नेव्हिल जन्मला तेव्हा त्या भागात चेंडू पन्नासेक वर्षं फिरत होता. पण चेंडूने पोट भरत नव्हतं, आणि पोर्तुगीज गोव्यात दुसऱ्या कशानेही फारसं भरत नव्हतं. लोक मुंबईला जात. धोबी तलावच्या आसपास गावागावाच्या कुडी होत्या. तिथे ट्रंक ठेवायची, वेळेवर तेर्साला बसायचं आणि कामधंदा शोधायचा. नेव्हिलही मुंबईतच घडला. सेंट झेवियर्स शाळेत शिकला, आणि त्याचं खरं मैदान झालं कूपरेज.

इथे जरा थांबून फुटबॉलच्या चुलतभावाकडे बघू. इंग्लंडमध्ये रग्बी हा श्रीमंतांच्या शाळांतला खेळ होता आणि पैसे घेऊन खेळणं हा गुन्हा मानला जाई. उत्तरेकडच्या गिरण्या आणि खाणींतले कामगार मात्र शनिवारी खेळले की त्यांचा रोज बुडायचा. बुडालेली मजुरी भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं मागणं होतं. ते मान्य झालं नाही, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात हे क्लब वेगळे झाले. त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळच निघाला, आणि त्यात खेळाडूला उघडपणे पैसे मिळू लागले.

आपल्याकडे असं भांडण झालं नाही, आपण मधली वाट काढली. खेळाडूला खेळासाठी पगार द्यायचा नाही, कंपनीत नोकरी द्यायची. हजेरीपटावर तो क्लार्क, मैदानावर सेंटर फॉरवर्ड. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, सगळ्यांचे संघ होते. नेव्हिल आधी टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, नंतर कॅल्टेक्सकडून. हे चांगलं की वाईट? मला वाटतं, त्या काळच्या गोंयकार मुलाला याहून बरं काही मिळण्यासारखं नव्हतं. गुडघा गेला तरी नोकरी राहायची. पण खेळाचं मोल खेळ म्हणून कुणी ठरवलंच नाही, हेही खरं. ऑलिम्पिकलाही हेच सोयीचं होतं, कारण तिथे व्यावसायिकाला प्रवेशच नव्हता.

१९५४ साली मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली. मग आलं १९५६. त्या वर्षी नेव्हिल ज्या देशाची जर्सी घालणार होता, त्या देशात त्याचं गाव नव्हतं! आदल्या वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता, भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती, आणि मुरगाव बंदरातून कॅसलरॉकला जाणारी आगगाडी सीमेपाशी थांबली होती. मुंबईतल्या कितीतरी गोंयकारांना घरी जाणं कठीण झालं होतं. आणि आसगावचा हा पोर भारताच्या संघातून मेलबर्नला निघाला.

पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती, पण बुडापेस्टमधल्या उठावाच्या त्या दिवसांत त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. तारीख १ डिसेंबर. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. सतराव्याला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्याला पुन्हा नेव्हिल. एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२, आणि मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसरा गोल केला आणि या वेळी मॉरोकडे उत्तर नव्हतं. ऐंशीव्याला किट्टूने चौथा मारला. ४-२.

उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं धुतलं होतं, आणि तेव्हा आपले बरेचजण अनवाणी खेळले होते. आता पायात बूट होते आणि प्रशिक्षक होते हैदराबादचे रहीमसाहेब. मध्यंतरापर्यंत गोल झालाच नाही. नंतर पहिला गोल केला तो नेव्हिलने! थोडाच वेळ का होईना, भारत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता. पुढे चार गोल बसले, ४-१. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा घेतला. भारत चौथा. भारतीय फुटबॉल त्याच्या वर कधी गेलेला नाही. नेव्हिलचे चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्याइतकेच, आणि त्यांच्याहून जास्त कुणाचेच नाहीत.

परतल्यावर तो पुन्हा कंपनीच्या फुटबॉलमध्ये. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. त्याचा भाऊ डेरेकही नावाजलेला खेळाडू झाला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात मात्र नेव्हिल नव्हता. त्या संघात गोव्याचा होता तो कोलवाळचा फोर्तुनात फ्रांको, जो पुढे वास्कोला येऊन साळगावकरकडून खेळला. साळगावकर क्लब वास्कोत सुरू झाला तो १९५६ सालीच, म्हणजे मेलबर्नच्याच वर्षी. नेव्हिल पाचसहा वर्षं उशिरा जन्मला असता, तर कदाचित त्यालाही मुंबईहून परत यायला एक जागा असती. १९ डिसेंबर १९६१ ला आसगाव भारतात आलं, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

१७ मार्च १९८० ला तो गेला. वय सत्तेचाळीस. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ एकाही ऑलिम्पिकला गेला नाही, त्यामुळे तिथे हॅटट्रिक करणारा भारतीय म्हणून आजही त्याचंच नाव घ्यावं लागतं. कँटीनमधल्या त्या तिघांना मी ते लिहून दिलंय.