शिल्पकार नानासाहेब करमरकर

आपल्या पेणचे गणपती लांब लांब जातात. मूर्ती घडवणारे एक फार मोठे कलाकार आपल्याच जिल्ह्यात होऊन गेले. त्यांचे नाव विनायक पांडुरंग करमरकर. त्यांना सगळे नानासाहेब म्हणत.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबाग तालुक्यातील सासवणे गावी झाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. त्यांच्या घरी गणपती करीत. ते बघून लहान विनायकही मातीत हात घालायचा.

एकदा त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड साहेब गावात आले आणि त्यांनी ते चित्र बघितले. आपल्याला वाटेल, आता हा मुलगा बोलणी खाणार. पण साहेबांना चित्र फार आवडले. त्यांच्या मदतीने विनायक मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकायला गेला. पुढे ते कलकत्त्याला राहिले. १९२० साली बोटीने विलायतेला गेले आणि लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे पुण्याचा शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा. तो ब्राँझचा आहे. वजन सुमारे ८ टन. एवढा मोठा पुतळा तुकडे जोडून करतात. पण नानासाहेबांनी तो एकसंध ओतायचे ठरवले. साच्यात रस नीट गेला नसता तर सगळी मेहनत फुकट गेली असती. मुंबईत माझगावला पुतळा ओतला आणि तो साधला! १९२८ साली तो पुण्यात उभा राहिला. भिंतीवर महाराज काढणाऱ्या मुलानेच तो केला.

त्यांनी फक्त मोठ्या माणसांचे पुतळे नाही केले. कोळीण केली, हमाल केला, शंख वाजवणारा केला. सासवण्याला त्यांनी केलेली म्हैस आहे. ती अगदी खरी वाटते. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९६७ साली ते वारले. त्यांच्या सासवण्याच्या घरात आता त्यांची शिल्पे बघायला मिळतात.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालते, तेव्हा आम्ही नुसतीच गडबड करायचो. आता मी गप्प उभा राहून बघतो. नानासाहेबही आधी असेच बघत असतील.